दहावी, लमेटा घाटावर

दहावी पाच वर्षांत विभागून देता येते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. नापास होत होत नव्हे, राजीखुशीने. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, नाव नोंदवल्यापासून पाच वर्षं आणि परीक्षेच्या ९ संधी देते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाचही विषय एकदम द्या, नाहीतर एकेक करून सोडवा. सुटलेला विषय तुमच्या नावावर जमा राहतो. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. विषयांत गणित-विज्ञान आहेच, पण चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र, हिंदुस्थानी संगीतही आहे. आपल्याकडे ‘बाहेरून दहावी’ म्हटलं की १७ नंबरचा फॉर्म आठवतो आणि तो भरणाऱ्याकडे लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. इथे मात्र सरकारनेच मागचं दार चांगलं रुंद करून ठेवलंय आणि फारसं कुणाला त्याचा पत्ता नाही.

मला तो लागला जबलपुरात. माझी मावसबहीण तिथे राइट टाउनात राहते. नवरा फॅक्टरीत. जबलपुरात ‘फॅक्टरीत’ म्हटल्यावर पुढे काही विचारायचं नसतं. १९०४ सालची तोफगाड्यांची गन कॅरेज फॅक्टरी, नाहीतर खमरिया, नाहीतर गाड्यांची, यांतली कुठलीतरी असते. मुलं तीन: थोरली १७ वर्षांची, मधला १५, धाकटी १३. तिघंही शाळेत जात नाहीत. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात हिंदी अशी मुरलेली की कुठे एक संपून दुसरी सुरू झाली ते सांगता येऊ नये.

आधी कायद्याचं बघू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. न घातलं तर पालकाला शिक्षा काय, याबद्दल मात्र कायदा मौन पाळतो. २०१२च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय उघड शब्दांत दिला. बाकीच्यांची घरशाळा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत, कुणाच्या डोळ्यांवर न येता चालू असते. जर्मनीत हे जमत नाही, तिथे शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत चालतं.

सकाळचे नऊ वाजलेले असतात. थोरली अंथरुणात आणि बहिणीच्या सासूबाई स्वयंपाकघरातून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, “सूर्य डोक्यावर आला, अन् आमची सरस्वती झोपलीय.” सरस्वती रात्री एकपर्यंत कॅल्क्युलस घेऊन बसलेली असते. हा आळस असेल असं मलाही वाटलं असतं, पण शरीरशास्त्र तिच्या बाजूने आहे. अंधार पडल्यावर मेंदूत मेलॅटोनिन पाझरू लागतं आणि झोप येते. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकतं, काही मुलांत दोनेक तासांनी. म्हणजे रात्री अकराला तिला ‘झोप’ म्हणणं हे मला नऊला ‘झोप’ म्हणण्यासारखं आहे, आणि सकाळी सहाला उठवणं म्हणजे चारला उठवणं. सातची शाळा गाठणारी आपली लाखो मुलं पहिल्या दोन तासिका अर्ध्या झोपेत काढतात, ती उनाड असतात म्हणून नव्हे.

त्याहून चकित करणारी गोष्ट त्याच डोक्यात चाललेली असते. १९९९ साली मेंदूचे अभ्यासक जे गीड आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूंची वर्षानुवर्षं काढलेली एमआरआय चित्रं मांडली. कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढत जातं आणि मग चक्क कमी होऊ लागतं. पौगंडावस्थेत मेंदू कातरला जात असतो. न वापरलेल्या जोडण्या गळतात. वापरातल्या जोडण्यांवर मायलिनचं आवरण चढतं आणि त्यांतून संदेश कितीतरी पटींनी वेगाने धावू लागतो. हे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा निवाडा ज्या वयात आत चाललेला असतो, नेमक्या त्याच वयात आपण सगळ्यांना एका मापाचा अभ्यास देतो. यावरून ‘मग मुलांना आवडेल तेच करू द्या’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला जरा घाईचे वाटतात. जे कधी चाखलंच नाही, ते आवडणार कुठून?

मधल्याला वाचायला त्रास होतो. हाताने तो वाट्टेल ते करतो, कूलरचा पंप उघडून दुरुस्त करतो, पण पानभर मजकूर म्हणजे त्याला घाम. त्याच्यासोबत वाचायला बसले तेव्हा आपल्या लिपीतली एक गंमत माझ्या लक्षात आली, जी इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर होती. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी काढायची आणि मग क. म्हणताना मात्र आधी क, मग इ. डोळ्यांना भेटतो तो क्रम एक आणि कानांना भेटतो तो दुसरा. दुसऱ्या वेलांटीला हा घोळ नाही, ‘की’ सरळ आहे. आपल्याला हे जाणवतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. पण ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली हिंदी वाचकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात हा उलटा क्रम असलेले शब्द वाचायला सराईतांनाही किंचित जास्त वेळ लागतो असं दिसलं. तुमच्या-माझ्या बाबतीत हा फरक सेकंदाच्या बारीकशा अंशाचा. मधला मात्र तिथे दर वेळी अडखळतो, मागे जातो, तोवर वाक्याचा धागा सुटतो.

१९९५च्या अपंगत्व कायद्यात अशा मुलांचा उल्लेखच नव्हता. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. घरी त्यावर उपाय सोपा निघाला: थोरली मोठ्याने वाचते आणि तो ऐकता ऐकता हाताने काहीतरी जोडत बसतो. बहुधा काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ही युक्तीही नर्मदाकाठचीच आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमात अरविंद गुप्तांनी काड्यांच्या या आकृत्या केल्या, आणि पुढे त्यांनी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतल्या विज्ञानशोधिकेत मुलांच्या पिढ्यांना खेळण्यांतून विज्ञान दाखवलं.

आता लमेटा घाट. भेडाघाटच्या अलीकडे नर्मदेवर हा घाट आहे. जगभरचे भूवैज्ञानिक ‘लमेटा’ हे नाव घेतात, कारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे इथले चुनखडीचे आणि वाळूचे थर त्याच नावाने ओळखले जातात. त्यांच्या वर पसरला तो दख्खनचा काळा कातळ, म्हणजे रायगड-राजगड ज्यावर उभे आहेत तोच लाव्हा. पुण्या-साताऱ्याकडची आपण माणसं कायम या थराच्या छपरावर राहतो. छपराखालचं जग बघायचं तर जबलपूरला यावं लागतं.

घाटावर मधल्याने खिशातून एक खिळा आणि दोन लिंबं काढली. पायाखालचा खडक खिळ्याने खरवडला, पांढरट भुकटी पडली, तिच्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसले. चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगडात कोंडला गेलेला, आणि आता लिंबाच्या चार थेंबांनी सुटलेला. मग त्याने दुसऱ्या खिशातून भेडाघाटच्या संगमरवराची कपची काढली, मूर्तिकारांच्या टाकाऊ ढिगातून उचललेली. लिंबू पिळलं, काहीच झालं नाही. मी म्हटलं, हा वेगळा दगड असेल. “वेगळा नाही मावशी, जिद्दी आहे. याला आधी कुटावं लागतं, मग बोलतो.” त्याने कपचीचा कोपरा दगडाने ठेचला, पूड केली, पुन्हा लिंबू. या वेळी रमतगमत दोन-चार बुडबुडे आले. कारण भेडाघाटच्या संगमरवरात डोलोमाइट आहे. कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम आलं की आम्लाशी त्याची क्रिया मंदावते, आणि पूड केली की आम्लाला भिडायला जास्त पृष्ठभाग मिळतो. वहीत त्याने वाक्य एकही लिहिलं नाही. दोन दगडांची चित्रं, शेजारी बुडबुडे, खाली सेकंद.

तोवर थोरली भलत्याच हिशेबात. हे थर साचत होते तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत होता. दहा लाख वर्षांत दीडशे किलोमीटर. तोंडी त्रैराशिक, सातवीतलं. पण मग तिने विचारलं की आज तो वेग ५ सेंटिमीटरच्या आसपास का? उत्तरेला आशिया आडवा आला म्हणून, आणि त्या रेटारेटीतून हिमालय उभा राहिला. तरी आदळण्याआधीच तो एवढा वेगवान का होता, यावर भूभौतिकीवाले अजून वाद घालतात. सातवीच्या गणितातून ती तीन वाक्यांत तिथे पोचली.

धाकटीला दगडात रस नाही, गोष्टीत आहे. भेडाघाटचे नावाडी संगमरवरी कड्यांमधून होडी नेताना यमक जुळवत टपोरी वर्णन करत जातात. तिने तशाच तुकबंदीत स्लीमनची गोष्ट बसवलीय. ठगांचा बंदोबस्त करणारा तो कॅप्टन स्लीमन. १८२८ साली जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर त्याला दगड झालेली हाडं सापडली. डायनोसॉर हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता, तो १८४२चा. म्हणजे आशियात डायनोसॉरचं पहिलं हाड हाती घेणाऱ्या माणसाकडे त्या प्राण्याला म्हणायला नावच नव्हतं. १८७७ साली जीवाश्मांचा अभ्यासक लायडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ म्हटलं. पुढे त्या हाडांतला मणका हरवला असंच सगळे धरून चालले होते, आणि २०१२ साली धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना तो कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या साठ्यात सापडला. धाकटीच्या कवनात इथे नावाडी टाळी मागतो.

हे सगळं बघून हुरळून जायला होतं. म्हणून मला पंडिता रमाबाईंची आठवण काढावीशी वाटते. मराठी घरांतली सगळ्यांत विलक्षण घरशाळा त्यांची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी मुलीला. घरकामातून वेळ सापडेना म्हणून आई पहाटेच्या अंधारात पोरीला उठवायची आणि झोपाळलेल्या लेकीकडून श्लोक म्हणवून घ्यायची. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चाललं. पुढे कुणाच्या फारशा मदतीवाचून स्वतःच शिकत राहता येईल असं वळण आईने बुद्धीला लावलं, असं रमाबाईंनीच सांगितलंय. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पण त्याच रमाबाईंनी दुसरी बाजूही लपवलेली नाही. दुष्काळ आला तेव्हा या घराला पोटापुरतं कमावण्याचं एकही काम येत नव्हतं. धर्मग्रंथांपलीकडचं जग मुलांना दाखवलंच नव्हतं. आईवडिलांना बाहेरच्या जगाचा संपर्क नकोच होता. १८७४ साली दोघंही गेली. घर शाळेहून चिंचोळं होऊ शकतं, आणि तिथे ते सांगायला दुसरे मास्तरही नसतात.

बहिणीला हे ठाऊक आहे. म्हणून मधला आठवड्यातून तीन दिवस जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका मोटार वाइंडिंगवाल्याकडे जातो, थोरली वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते. थोरलीला बारावी द्यावीच लागणार. मुंबईची मालविका जोशी सातवीत शाळा सोडून घरी शिकली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली एमआयटीत गेली. पण बारावीचा कागद नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. थोरली ऑलिंपियाडवाली नाही. चांगली आहे, एवढंच. अशा मुलींना कागद लागतो.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं, तेही लिहायला हवं. बहीण बँकेत होती, नोकरी तिने सोडली. मी बघितलेल्या अशा प्रत्येक घरात नोकरी आईनेच सोडलेली आहे. तिला विचारलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणते, “वाईट वाटतं ना. पगाराच्या तारखेला वाटतं.” तेवढ्यात धाकटी येऊन भूगोलातलं काहीतरी विचारते आणि बोलणं तिथेच राहतं.

येत्या ऑक्टोबरला मधला दोनच विषय देणार आहे, चित्रकला आणि गृहविज्ञान. गणित एप्रिलला. विज्ञान त्याने सगळ्यांत शेवटी ठेवलंय. सगळ्यांत आवडता विषय शेवटी का, असं मी विचारलं, तर खिळा खिशात टाकत म्हणाला, “ते सुटलं तर मावशी, लिंबं नासायला आईला बहाणा काय सांगू?”