वारा सुटण्याआधी वीज बंद

वीजवाहिनीमुळे वणवा पेटण्याची शक्यता एरवी अगदी थोडी असते. पण महिनोन्‌महिने पाऊस नसलेल्या डोंगरउतारांवर सोसाट्याचा वारा सुटला, की एक ठिणगी पुरते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात पीजी अँड ई कंपनीच्या ११५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरचा, सुमारे शंभर वर्षांचा झिजलेला आकडा तुटला. त्यातून भडकलेल्या वणव्यात ८५ माणसे दगावली आणि पॅराडाइज हे गाव बहुतांशी जळून गेले.

तारेत वीजच नसेल तर ठिणगी पडत नाही, म्हणून वादळी वाऱ्याआधी वीज बंद ठेवण्याचा मार्ग निघाला. हे भारनियमन नव्हे; इथे वीज मुबलक असते, ती वाहू द्यायची नसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच कंपनीने एका वेळी सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज बंद केली. घरातली ऑक्सिजनची यंत्रे, पाण्याचे पंप आणि मोबाइलचे टॉवर अडले. वणव्याचा इशारा देणारा फोनही त्याच टॉवरवर अवलंबून असतो, ही यातली मोठी विसंगती.

अंधाराचे नुकसान नक्की, आगीचे अनिश्चित. आणि निर्णय मात्र वाऱ्याच्या अंदाजावर, एक-दोन दिवस आधी घ्यायचा. त्याच महिन्यात गायझरव्हिलजवळ हा अंदाज महागात पडला. तिथल्या वितरणवाहिन्या बंद केल्या होत्या; २३० किलोव्होल्टची पारेषणवाहिनी चालू ठेवली होती, कारण तिच्यासाठी ठरवलेली धोक्याची मर्यादा अंदाजात ओलांडली जात नव्हती. किंकेड वणवा तिच्यामुळेच लागला.

मोठी वाहिनी बंद करणे सोपेही नसते. तिचा भार उरलेल्या वाहिन्यांवर जातो, त्या अतिभारित होऊ शकतात आणि वाऱ्याचा मागमूस नसलेली दूरची शहरेही अंधारात जातात. म्हणून संशोधक वाऱ्याच्या अनेक संभाव्य स्थिती धरून, कोणत्या वाहिन्या मिळून बंद केल्यास कमी ग्राहकांची वीज जाऊन जास्त धोका टळेल, हे गणिताने शोधतात. निव्वळ सरासरी नुकसान पाहिले तर दुर्मीळ महासंकट हिशेबात बुडते. त्यामुळे सर्वांत वाईट शक्यतांना वेगळे वजन देणेच योग्य. ते किती द्यायचे, हे मात्र गणित सांगत नाही.

वारा पडल्यावरही वीज लगेच येत नाही. वाहिन्यांची आधी पाहणी होते, बऱ्याचदा हेलिकॉप्टरने आणि दिवसाउजेडी. २०२१ पासून पीजी अँड ई दोष दिसताच सेकंदाच्या दहाव्या भागात वाहिनी तोडणारी व्यवस्थाही वापरते. अशा वाहिनीवर एखादी खार किंवा फांदीही अचानक वीज घालवते. तारा जमिनीखाली नेल्या तर धोका जवळजवळ संपतो, पण मैलामागे खर्च लाखो डॉलरचा आणि काम वर्षानुवर्षांचे. त्यामुळे शेजारच्या दक्षिण कॅलिफोर्निया एडिसन कंपनीने बहुतेक ठिकाणी आवरण घातलेल्या तारांवर भर दिला आहे.