वास्तुग्रंथांतील खड्ड्याची परीक्षा

घर बांधण्यापूर्वीं भूमीची परीक्षा कशी करावी, हें वास्तुविषयक पोथ्यांत हटकून सांगितलेलें असतें. वराहमिहिराच्या (इ. स. चें ६ वें शतक) बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायीं ती अशी आहे: जागेच्या मध्यावर हातभर खड्डा खणावा व निघालेली माती त्यांतच परत भरावी. माती कमी पडली तर भूमि अनिष्ट, पुरली तर मध्यम, उरली तर उत्तम. अथवा खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन यावें. पाणी उणें न झालें तर भूमि धन्य. आढकभर मातीचें वजन ६४ पलें भरलें तरीही ती चांगली. बहुतेक वाचक यास शकुन समजून पान उलटतात. आमच्या मतें हा शकुन नसून मोजमाप आहे. वजनाची अट तर तें उघडच सांगते.

मुंबईच्या उपनगरांतील जमिनीवरून हें पाहतां येईल. मुलुंडच्या पश्चिमेस डोंगराच्या पायथ्याशीं काळा खडक झिजून झालेला मुरूम आहे. तो दाट बसलेला असतो. खणला कीं फुगतो व खड्ड्यांत मावत नाहीं. उलट भरावाची माती मुळांतच पोकळ. परत भरतांना दाबानें बसते व कमी पडते.

पाण्याच्या परीक्षेची गोष्ट निराळी. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पूर्वेस ठाण्याच्या खाडीलगत खाजणें व मिठागरांच्या जमिनी आहेत. तेथील चिखल इतका चिकण व भूजल इतकें वर कीं खड्ड्यांतील पाणी हलत नाहीं. केवळ या कसोटीनें ती भूमि धन्य ठरेल, आणि तींत उभारलेली भिंत खचेल! परंतु ग्रंथकारानें मातीची रुचिही सांगितली आहे: चार वर्णांस क्रमानें मधुर, कषाय, अम्ल व कटु. खारट त्यांत नाहीं. तेव्हां हे श्लोक सुटे वाचूं नयेत.

पोकळ माती घट्ट करण्याची रीतिही जुनी आहे. शामशास्त्र्यांनीं म्हैसुरास १९०९ सालीं छापलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत खंदकाच्या मातीचा वप्र हत्तींकडून व गुरांकडून तुडवून घ्यावा, असें आहे. गवंडी थर टाकून, पाणी शिंपडून धुमसानें चोपतो, तें तत्त्व हेंच. कोरडे कण एकमेकांस अडतात, बेताच्या ओलाव्यानें सरकून जवळ येतात; पाणी फार झालें तर पोकळी पाण्यानेंच भरते व चोप व्यर्थ जातो. हा बेत प्रयोगानें मोजण्याची रीति अमेरिकेंतील प्रॉक्टर यानें १९३३ सालीं प्रसिद्ध केली. खाजणाच्या चिखलास मात्र धुमस निरुपयोगी. वर भार ठेवून त्यांतील पाणी निघेपर्यंत थांबावें लागतें, किंवा खांब खडकापर्यंत न्यावे लागतात.

ज्यांच्या संग्रहीं वास्तुविषयक संकलनाच्या पोथ्या असतील, त्यांनीं खड्ड्याच्या श्लोकाशेजारीं रुचीचा व वजनाचा श्लोक उतरला आहे कीं गाळला आहे, तें अवश्य पाहावें.