कुरळ्या केसांवर एका दिवसाचा रंग

लग्नसराई आणि कॉलेजची स्नेहसंमेलने जवळ आली की दवाखान्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, एका दिवसापुरता केसांना रंग लावला तर चालेल का?" विचारणारीचे केस काळेभोर आणि कुरळे असले, तर दुसरा प्रश्नही ठरलेला असतो. "पण तो दिसेल का हो?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांचे उत्तर केसाच्या रचनेतच दडलेले आहे.

रंग बसतो कुठे?

केसाचा बाहेरचा थर घरावरच्या कौलांसारखा असतो. एकावर एक चढलेले बारीक खवले म्हणजेच ही कौले. केसाला काळेपणा देणारे मेलॅनिन त्यांच्या खाली, गाभ्यात असते. कायमचा रंग ही कौले उचकटून आत शिरतो. तात्पुरत्या रंगाचे कण मोठे असल्याने ते वरच बसतात आणि शाम्पूने धुतले की निघून जातात. म्हणून केसाला त्याचा फारसा अपाय नाही, पण काळ्या केसावर तो सहसा उठतही नाही. शाळेतली पाटी आठवा. तिच्यावर पातळ रंग लावला तर दिसत नाही, खडू मात्र ठळक उमटतो, कारण खडू पाटीचा काळेपणा झाकतो. काळ्या केसांना असा झाकणारा रंगच लागतो.

कुरळ्या केसांची गोष्ट आणखी थोडी वेगळी. टाळूतले तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर ते अडते. त्यामुळे टोके कोरडी राहतात आणि वळणांवरची कौले किंचित उघडी असतात. अशा जागी रंग जास्त धरतो. एका धुण्यात जाणारा रंग टोकांना मात्र दोन-तीन धुण्यांपर्यंत रेंगाळतो.

तीन बटांचा प्रयोग

माझ्या भाचीचे केस असेच दाट आणि कुरळे. "मावशी, आधी करून तर बघू," असा तिचा हट्ट. तेव्हा आम्ही मागच्या बाजूच्या तीन बटांवर तीन प्रकार लावून पाहिले. लाल स्प्रे फक्त उन्हात जाणवला. सावलीत बट होती तशीच काळी. केसांसाठी मिळणारा रंगीत खडू ओलसर बटेवर छान उमटला, पण वाळल्यावर केस कोरडे, खरखरीत झाले आणि भुकटी खांद्यावर पडू लागली. रंगीत मेण, म्हणजे पार्लरवाल्या ज्याला कलर वॅक्स म्हणतात ते, सर्वांत चांगले उठले आणि कुरळेपणाही टिकला. मात्र ते वाळेपर्यंत बोटांना आणि ओढणीला लागत होते. रात्री शाम्पूने दोनदा धुतल्यावर तिन्ही बटा पूर्ववत झाल्या.

लावताना

आदल्या रात्री टोकांना खोबरेल तेल चोळून सकाळी केस धुवावेत. केस ओलसर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. रंग लावल्यावर विंचरू नये. बोटावर थोडेसे मेण घेऊन एकेक बट टोकाकडे ओढत रंगवावी. टाळूला रंग लावू नये. स्प्रे वापरायचा तर डोळे झाकून, मोकळ्या हवेत, आणि दम्याचा त्रास असल्यास मुळीच नको. स्प्रेतला वायू पेट घेतो, म्हणून गॅस, निरांजन, होमकुंड यांच्याजवळ तो मारू नये. घामाने आणि पावसाने हे रंग ओघळतात, तेव्हा भारी साडी जपावी. झोपण्यापूर्वी केस धुवून टाकावेत.

रंग अधिक उठावा म्हणून आधी ब्लीच करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ब्लीचने आतले मेलॅनिन जाते, केस ठिसूळ होतात आणि वळणे सैल पडतात. एका दिवसाच्या हौसेची भरपाई मग केस नव्याने वाढेपर्यंत करावी लागते, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो.

'फक्त मेंदीच लावली होती'

खरा धोका आहे तो वेगळ्याच पुडीत. पापण्या सुजून डोळे मिटलेल्या, कानामागे पाणी सुटलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मी तर फक्त मेंदीच लावली होती." पुडी पाहिली की ती 'काळी मेंदी' निघते. मेंदीच्या पानांतला लॉसोन हा घटक केसाला तांबूस-केशरी छटा देतो. निव्वळ मेंदीने केस काळे होत नाहीत. अशा पुड्यांत बहुधा पॅराफेनिलिनडायअमाईन हे रसायन मिसळलेले असते. पाकिटावर ते पीपीडी या नावानेही लिहितात. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली याच रसायनाला 'वर्षातील ॲलर्जीकारक' ठरवले होते. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. 'अमोनिया नाही' असे छापलेले असले म्हणजे पीपीडी नाही असे समजू नये. शिवाय साधी मेंदीसुद्धा तात्पुरती नव्हे. ती केसातील केराटिनला चिकटते आणि धुऊन जात नाही.

त्यामुळे कोणताही रंग आणला की आधी पाकिटावरील घटक वाचावेत. घटक छापलेले नसतील तर ती पुडी घेऊच नये. थोडासा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाकिटावरील सूचनेप्रमाणे चाचणी करावी आणि ४८ तास थांबावे. पूर्वी चालला म्हणून आज चालेलच असे नाही; चाचणी दर वेळी हवी. टाळूवर जखम, पुरळ किंवा नायटा असेल तेव्हा रंग टाळावा. भुवया आणि पापण्यांना तो कधीच लावू नये.

खाज सुटली किंवा आग झाली तर लगेच भरपूर पाण्याने डोके धुवावे. चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे, आणि जाताना रंगाचे पाकीट बरोबर न्यावे. डॉक्टरांचे निम्मे काम त्यामुळे सोपे होते.