शेळी बाभळीची मित्र की शत्रू?

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाजवळच किल्ल्याची टेकडी आहे. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला प्रदेश. पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर, तोही मुख्यतः चार महिन्यांत. अशा ठिकाणी परिसंस्थेचा धडा शिकवताना पुस्तकातले दाट जंगल शोधायला नको. बांधावरची बाभूळ आणि तिच्याखाली उभी असलेली शेळी पुरेशी आहे.

शेळी झाडे संपवते, असे आपण वर्गात सांगतो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

उन्हाळ्यात गवत वाळून जाते, तेव्हा बाभळीच्या शेंगा पिकतात. शेळ्या त्या आवडीने खातात. बियांचे कवच मात्र फार कठीण असते. त्यातून पाणी सहज आत शिरत नाही. काही बिया दातांखाली फुटतात. काही रवंथ करताना तोंडातून बाहेर पडतात, तर काही लेंड्यांतून. पोटातल्या प्रवासात कवच मऊ पडते आणि अशा बिया लवकर रुजतात. म्हणूनच रोपे तयार करणारे शेळ्या बसवण्याच्या जागेवरून बाभळीचे बी गोळा करतात. शिवाय झाडाखाली पडून राहिलेल्या शेंगांतील बिया भुंगेऱ्यांच्या अळ्या पोखरतात. शेळीने शेंग वेळेवर खाल्ली तर काही बिया त्यातून वाचतात. म्हणजे शेळी बाभळीचे बी पेरते, आणि लेंड्यांचे खतही देते.

पावसाळ्यात रोप उगवते. आता तीच शेळी त्याचा कोवळा शेंडा खुडते. बाभळीचे उत्तर म्हणजे काटे. लहान झाडावर ते लांब आणि भरपूर असतात. झाड मोठे होऊन फांद्या शेळीच्या तोंडापलीकडे गेल्या की काटे कमी होतात.

जमिनीखाली आणखी एक व्यवहार चालतो. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. झाड त्यांना साखर पुरवते. पाने गळून कुजली की त्यातला काही नायट्रोजन मातीला मिळतो. सजीव परिसराशी जुळवून घेतात हे खरे, पण ते परिसर घडवतातही.

मग शेळी मित्र की शत्रू? उत्तर संख्येत आणि वेळेत आहे. शेळ्या थोड्या आणि फिरत्या असतील तर काही रोपे वाचतात. त्या जास्त झाल्या आणि वर्षभर एकाच उतारावर चरल्या, तर पेरणी होते पण रोप टिकत नाही. झाकण गेलेल्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. पुढचे बी रुजायला जागाच उरत नाही.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने 1990च्या दशकात चराईवर आणि कुऱ्हाडीवर बंधने घातली. जंगल पुन्हा उभे राहिले, पाणी वाढले. या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. गुरे-शेळ्या ही गरिबाची पुंजी असते; ती सोडा असे सांगून भागत नाही. कुठे आणि केव्हा चारायचे, हे गावाने मिळून ठरवावे लागते.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. बाभळीच्या 60 बिया घ्याव्यात: 20 थेट शेंगेतल्या, 20 शेळ्यांच्या जागेवरून वेचलेल्या, आणि 20 उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजवलेल्या. तीन कुंड्यांत त्या पेराव्यात आणि तीन आठवडे रोज उगवलेली रोपे मोजावीत. फरक का पडला, हे आधी मुलांना सांगू नये. मग त्यांना घेऊन गावाजवळच्या उतारावर जावे. कुंपणाच्या आत किती रोपे आहेत आणि बाहेर किती, हे मुलांनाच मोजू द्यावे. शेळीविषयीचा निकाल त्यानंतरच द्यावा.