वाटण मऊ का होत नाही? दोष मिक्सरचा की पाण्याचा?

अलिबाग : मुरूड असो की श्रीवर्धन, रायगडच्या किनाऱ्यावर माशाच्या कालवणाची चव वाटणावर ठरते. पाट्यावर मऊसूत होणारे ओले खोबरे मिक्सरमध्ये मात्र अनेकदा रवाळ राहते. कालवणात मग पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. ‘जास्त वॅटचा घ्यायला हवा होता,’ अशी हळहळ घरोघरी ऐकू येते; पण बहुतेक वेळा गडबड वॅटची नसते.

पाते फिरते, वाटण हलत नाही

पाटा-वरवंटा चिरडतो, मिक्सरचे पाते कापते. त्यामुळे खोबरे पुन्हा पुन्हा पात्यापर्यंत पोहोचावे लागते. पाणी कमी पडले की खोबरे भांड्याच्या कडेला चिकटते, मध्ये हवेची पोकळी होते आणि पाते नुसतेच गरगरते. आवाज अचानक चढा झाला, की हेच घडलेले असते. अशा वेळी वेग वाढवून उपयोग नाही. मिक्सर बंद करून कडेचे खोबरे चमच्याने खाली लोटावे, दोन चमचे पाणी घालावे. सुरुवातीलाच पेलाभर पाणी ओतले तर उलटे होते, तुकडे पाण्याबरोबर फिरत राहतात आणि पात्याला चुकवतात.

धणे, मिरी असे कोरडे जिन्नस आधी फिरवून घ्यावेत, मग भिजवलेल्या मिरच्या आणि शेवटी खोबरे. वाटण मूठभरच असेल तर चटणीचे लहान भांडे घ्यावे; मोठ्या भांड्यात पाते झाकलेच जात नाही.

खोबऱ्यातले तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते. सोलकढीसाठी दूध काढताना कोमट पाणी घालतात ते यासाठीच. भाजलेला कांदा-खोबरे मात्र थंड झाल्याशिवाय वाटू नये. बंद भांड्यात वाफ कोंडली तर झाकण उडते.

मोटर का जळते?

बहुतेक मिक्सर सलग चालवण्यासाठी बनवलेले नसतात. किती मिनिटे चालवायचा आणि मध्ये किती विश्रांती द्यायची, हे माहितीपत्रकात दिलेले असते. ते पत्रक सहसा खोक्याबरोबर माळ्यावर जाते. घट्ट वाटणाने मोटरवर ताण येतो. व्होल्टेज पडले तर वेग घटतो, मोटर थंड करणारा आतला पंखाही मंदावतो आणि तारेची गुंडाळी तापते. दिवे मिणमिणत असताना वाटण थांबवलेलेच बरे. वीजच नसेल तर प्रश्नच मिटला. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पाटा टाकून न दिलेली घरे तेव्हा सुखी होती.

फूड प्रोसेसर कशासाठी?

वाटणासाठी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. त्याचे भांडे रुंद असते, पात्याचा वेगही मिक्सरपेक्षा कमी. काम चिरण्याचे, किसण्याचे, मळण्याचे. अलिबागचा पांढरा कांदा (२०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले) त्यात सलग फिरवला तर पाणी सुटून लगदा होतो. कांद्याचे चार तुकडे करून, भांडे अर्धेच भरून, बटण क्षणभर दाबून सोडावे. असे चार-पाच वेळा पुरते. पोळीच्या कणकेला पाणी थोडे थोडे घालावे आणि गोळा जमला की लगेच थांबावे.

खरी सोय होते ती उकडीच्या मोदकांच्या वेळी. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि हाताला चटके बसतात. मळण्याचे पाते लावून ती थोडी थोडी फिरवली की मऊ होते. शेवटचा हात मात्र तेल-पाणी लावून स्वतःच फिरवावा.

मिक्सर मध्येच बंद पडला तर दुकान गाठण्याआधी तो उलटा करून पाहावा, अर्थात प्लग काढून. अनेक मिक्सरना तळाशी लाल बटण असते. ताण वाढला की ते सुटते. अर्धा तास थंड होऊ देऊन ते दाबले, की मिक्सर बहुधा पुन्हा सुरू होतो. मोटर चालते पण पाते फिरत नाही, असे असेल तर भांड्याखालचा कपलर झिजला आहे. तो बदलायला फार खर्च येत नाही.