शेतांतील नत्र व समुद्रांतील प्राणवायु

शेतकीच्या मासिकांत समुद्राचा विषय पाहून वाचकांस नवल वाटणें साहजिक आहे. आपल्यापैकीं कित्येकांनीं समुद्र डोळ्यांनीं पाहिलेलाही नसेल. तथापि गेल्या साठ-सत्तर वर्षांत समुद्राच्या पाण्यांतील प्राणवायु घटत चालला आहे, आणि त्या घटीच्या कारणांचा माग काढतां काढतां शास्त्रज्ञ ज्या ठिकाणीं येऊन पोंचले, त्यांत शेताचा बांध हेंही एक आहे. तेवढ्यापुरता हा विषय आपला होय.

जर्मनींतील कील येथील शास्त्रज्ञांनीं सन २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें, सन १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगांतील समुद्रांतल्या एकूण प्राणवायूपैकीं शेंकडा दोनांहून अधिक भाग नाहींसा झाला. दोन टक्के तूट ऐकावयास अल्प वाटते. परंतु ती सर्वत्र सारखी वांटलेली नाहीं. जेथें मूळचाच तुटवडा तेथें थोडी तूटही जीवघेणी ठरते. लिटरभर पाण्यांत दोन मिलिग्रॅमपेक्षां कमी प्राणवायु उरला म्हणजे मासे ती जागा सोडून जातात, आणि तळाशीं राहणारे कृमि व शिंपले, ज्यांस पळतां येत नाहीं, ते गुदमरून मरतात. अशा भागास मृतपट्टा असें नांव पडलें आहे.

या घटीचीं मुख्य कारणें दोन. पहिलें उष्णतेचें. थंड पाण्यांत वायु अधिक विरघळतो, उष्ण पाण्यांत कमी. गोड्या पाण्याचें उदाहरण घेतलें तर, शून्य अंश सेल्सिअसवर लिटरांत सुमारें साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर तो साडेसातांवर येतो. शिवाय तापलेलें पाणी हलकें होऊन दुधावरील सायीप्रमाणें वर पसरतें व खालच्या पाण्यास हवा मिळूं देत नाहीं. कोळसा व तेल जाळून पृथ्वी तापत आहे, तिच्याबरोबर समुद्रही तापत आहे. खोल समुद्रांतील घटीचें मोठें कारण हेंच असून, त्याचा उपाय शेतकऱ्याच्या हातीं फारसा नाहीं.

किनाऱ्यालगतच्या समुद्राची गोष्ट निराळी आहे. तेथें दुसरें कारण प्रबळ होतें, आणि तें म्हणजे नद्यांतून वाहून येणारें नत्र व स्फुरद. याचें सर्वांत चांगलें मोजलेलें उदाहरण अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें होय. अलास्का व हवाई वगळतां त्या देशाच्या दोन-पंचमांश भूमीचें पाणी ही नदी व तिच्या शाखा मेक्सिकोच्या आखातांत नेतात. वरच्या आयोवा, इलिनॉय आदि राज्यांत मैलच्या मैल मका व सोयाबीन. तेथील काळ्या, चिबड जमिनींत पाणी तुंबूं नये म्हणून जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घातलेल्या आहेत. निचरा उत्तम होतो. पण त्याच नळ्यांतून पिकानें न उचललेलें नत्र विनाअडथळा ओढ्यांत उतरतें. वसंतांतील पावसाच्या वेळीं शेत अद्याप उघडें असतें, त्यामुळें त्या महिन्यांत हा ओघ फार मोठा असतो.

हें नत्र आखातांत पोंचलें कीं खत तें खतच! शेतांत त्यानें मका वाढतो, समुद्रांत सूक्ष्म शेवाळ वाढतें. तें मरून तळाशीं बसतें, कुजतें, आणि कुजतांना भोंवतालचा प्राणवायु खाऊन टाकतें. वर नदीच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरलेला असल्यामुळें खालीं नवी हवा येत नाहीं. सन १९८५ पासून नॅन्सी रॅबलेस या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उन्हाळ्यांत जहाज घेऊन या पट्ट्याची मोजणी चालविली. सन २०१७ मध्यें तो सुमारें २२,७०० चौरस किलोमीटर भरला. माझा जन्म क्षेत्रफळाच्या आंकड्यांत गेला, म्हणून सहज ताळा करून पाहिला: आपल्या राज्यांतील सर्वांत मोठा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा व सिंधुदुर्ग जिल्हा, या दोहोंची बेरीजही त्यास थोडी अपुरी पडते. हा पट्टा सन २०१५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरांच्या आंत आणावयाचा, असें तेथील सरकारनें सन २००१ मध्यें ठरविलें होतें. ती मुदत पुढें २०३५ पर्यंत वाढवावी लागली. त्या पाण्यांत कोळंबी धरून पोट भरणारे लोक मका पिकवीत नाहींत, आणि मका पिकविणाऱ्यांस ते कधीं भेटतही नाहींत.

आतां थोडा हिशेब करूं. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींच्या अंगीं नत्राचें प्रमाण बहुतेक ठरलेलें असतें, ही गोष्ट रेडफील्ड नामक अमेरिकन शास्त्रज्ञानें सन १९३४ मध्यें पुढें आणली. त्या प्रमाणानें पाहतां, एक किलो नत्रावर पोसलेलें शेवाळ पुरतें कुजावयास सुमारें वीस किलो प्राणवायु लागतो. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत, शेंकडा ४६ प्रमाणें, वीस किलोंहून किंचित् अधिक नत्र असतें. त्यांतील निम्में समुद्रास मिळालें असें धरल्यास दोनशें किलो प्राणवायु खर्ची पडला. म्हणजे लिटरास पांच मिलिग्रॅम प्राणवायु असलेलें चार कोटी लिटर पाणी निर्जीव झालें. वाटेंत पुष्कळसें नत्र नदीच्या गाळांत जिरतें व हवेंत उडून जातें, म्हणून प्रत्यक्ष भार इतका पडत नाहीं. पण अर्ध्या गोणीचे पैसे तर शेतकऱ्याचेच गेले.

हें दुखणें बरें होतें काय? होतें, परंतु कोणत्या किंमतीस तें पाहण्यासारखें आहे. काळ्या समुद्राच्या वायव्य भागांत, डॅन्यूब नदीच्या मुखापाशीं, सन १९८० नंतरच्या दशकांत सुमारें ४०,००० चौरस किलोमीटरांपर्यंत मृतपट्टा पसरला होता. सन १९८९ ते १९९१ या काळांत पूर्व युरोपांतील राजवटी कोसळल्या, खतांवरील सरकारी मदत बंद झाली आणि शेतकऱ्यांस खत घेणें परवडेनासें झालें. पांच-सहा वर्षांत तो पट्टा जवळजवळ नाहींसा झाला. समुद्र वांचला खरा. पण शेतकरी बुडाला म्हणून वांचला. असला उपाय कोणीही सुज्ञ मनुष्य सुचविणार नाहीं.

डेन्मार्कनें दुसरा मार्ग धरला. सन १९८७ पासून तेथें कायदे होत गेले: खताचें प्रमाण ठरवून दिलें, हिंवाळ्यांत जमीन उघडी न ठेवतां कांहीं तरी पेरून ठेवण्यास लावलें, आणि प्रत्येक शेतकऱ्यास खताचा जमाखर्च लिहून सरकारांत दाखल करणें भाग पाडलें. सन २००३ च्या सुमारास शेतांतून झिरपणारें नत्र जवळजवळ निम्म्यावर आलें. यांतही कुरकुर झाली. गव्हांतील प्रथिनें घटलीं अशी तक्रार होती व पुढें नियम कांहींसे सैल केले गेले. समुद्रही अजून पुरता सांवरलेला नाहीं. तळच्या गाळांत मुरलेलें खत वर्षानुवर्षें बाहेर पडत राहतें.

आपल्या किनाऱ्याचा विचार करतांना खतास सगळा दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. अरबी समुद्रांत खोलवर प्राणवायु मुळांतच अत्यल्प आहे. नैर्ऋत्येच्या पावसाळ्यांत तेंच पाणी वर चढून किनाऱ्याकडे येतें, आणि वर पावसाच्या गोड्या पाण्याचें झांकण बसतें. गोव्यांत दोना पावल येथें सन १९६६ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ सन १९९७ पासून कांदोळीसमोरच्या पाण्याची तपासणी करीत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेथें तळाशीं प्राणवायु संपून सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायु उत्पन्न होतो. जमिनीवरून येणाऱ्या खतानें ही स्थिति अधिक तीव्र झाली असावी, असा तर्क नक्वी प्रभृति शास्त्रज्ञांनीं सन २००० मध्यें मांडला. पुढील कांहीं अभ्यासकांनीं नैसर्गिक कारणासच अधिक महत्त्व दिलें आहे.

परंतु देशावरील शेतकऱ्याचें पाणी बहुतेक पश्चिमेस जातच नाहीं. गोदावरी व कृष्णा तें बंगालच्या उपसागरांत नेतात. त्या उपसागरांत १०० ते ४०० मीटर खोलीवर प्राणवायूचा केवळ लवलेश उरला आहे, असें सन २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. तो लवलेशही गेला तर तेथील पाण्यांतलें नत्र मोठ्या प्रमाणावर वायुरूपानें उडून जाऊं लागेल आणि माशांच्या खाद्याचें सारें गणित पालटेल.

भाताच्या खाचरांत युरिया एकदम फेंकण्यापेक्षां लावणीच्या वेळीं, फुटवे येतांना व लोंबी धरण्यापूर्वीं असा विभागून दिल्यास पीक त्यांतला अधिक भाग उचलतें. पाऊस कोसळत असतां वरखत टाकूं नये; खाचरांतलें पाणी थोडें कमी करून टाकावें व बांधाचें तोंड दोन-तीन दिवस बंद ठेवावें. ओढ्याच्या कडेचा वीस-पंचवीस हात पट्टा नांगराखालीं न आणतां गवतास सोडल्यास बैलांस वैरणही मिळते.