सात सह्यांनंतरचा प्रश्न

भंडारा शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आतच भरली. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने बेघरांसाठी निकष ठरविला तो लाख वस्तीमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा. वरठीच्या फलाटावर वा देवळाच्या ओवरीत रात्र काढणारा त्या हिशेबात सहज हरवतो. तेव्हा नागरिकांनीच संस्था काढावी, हे ओघाने आले.

संस्था नोंदविणे अवघड नाही. १८६० च्या कायद्यास सात सभासद पुरतात. कसोटी पुढची. बाबा आमटे यांनी वरोऱ्यास १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभारले, तेव्हा गाठीशी १४ रुपये, एक लंगडी गाय आणि सहा रोगी होते. घरच्यांनीच घराबाहेर काढलेली ती माणसे! बाबांनी त्यांना केवळ भाकरी दिली नाही. विहीर खणावयास हाती कुदळही दिली. (काम न झेपणाऱ्या वृद्धांचा प्रश्न अर्थातच निराळा.) घोंगड्या वाटण्याचा उत्साह थंडीबरोबर ओसरतो. म्हणून भंडाऱ्यातील सातजणांनी निधीची चर्चा करण्यापूर्वी एवढे ठरवावे: आश्रयास आलेल्या माणसाला दुसऱ्या सकाळी काम कोणते देणार, आणि त्याच्या शिधापत्रिकेवर पत्ता कोणाचा लिहिणार?